आर-२२ गेला, आर-३२ आला: एसीतले गॅस पुन्हा पुन्हा का बदलतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी २०१२ साली घेतलेला दीड टनाचा स्प्लिट एसी आहे, आत आर-२२ गॅस. दर उन्हाळ्याच्या तोंडावर गॅस भरावा लागतो. यंदा मेकॅनिक म्हणाला, "बावीस नंबर आता बंद झालाय, यात बत्तीस नंबर टाकून देतो." टाकू द्यावा का? नवीन एसी घ्यायचा तर कुठल्या गॅसचा घ्यावा, पेट घेतात म्हणे ते? आणि ओझोन वाचवायला एकदा गॅस बदलले होते ना, मग आता परत कशासाठी? की हे सगळं कंपन्यांचं धंद्याचं गणित आहे?

पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण घाई तिथेच आहे. बत्तीस नंबर त्या मशीनमध्ये अजिबात टाकू देऊ नका. मेकॅनिकचं म्हणणं अर्धंच खरं आहे. भारतात नवीन उपकरणं बनवताना आर-२२ वापरणं २०२४ अखेर थांबलं. जुन्या मशीनच्या दुरुस्तीसाठी तो अजून मिळतो. ओझोन वाचवण्यासाठी देशोदेशींनी केलेल्या माँट्रियल कराराच्या वेळापत्रकाप्रमाणे आपल्यासारख्या देशांनी या जातीच्या गॅसचा वापर २०२५ पासून मूळ पातळीपेक्षा ६७.५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. २०३० मध्ये तो बंदच करायचा, फक्त दुरुस्तीपुरता सरासरी अडीच टक्के २०४० पर्यंत चालू ठेवता येतो. म्हणजे तुमच्या एसीचं आयुष्य संपेपर्यंत त्याचा गॅस बाजारात असेल, फक्त दरवर्षी खिसा जास्त हलका करेल.

पण मुळात दरवर्षी गॅस भरावा का लागतो, हा प्रश्न तुम्ही मेकॅनिकला विचारलाच नाही. एसीतला गॅस 'संपत' नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, आतल्या कॉइलमध्ये उकळतो, बाहेरच्या कॉइलमध्ये परत द्रव होतो, आणि वीस वर्षं तेच करू शकतो. कमी झाला याचा अर्थ एकच: कुठेतरी लीक आहे. मुंबई, ठाणे, रत्नागिरीच्या खाऱ्या दमट हवेत तांब्याच्या कॉइलला बारीक छिद्रं पडतात. नळ्या जोडणारा फ्लेअर नट नीट आवळलेला नसतो. नाहीतर इनडोअरमागे भिंतीत दाबून बसवलेली नळी घासून पातळ होते. लीक न शोधता गॅस भरून देणं म्हणजे पुढच्या मार्चची ऑर्डर आत्ताच घेऊन ठेवणं. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं आणि ग्राहकही 'सर्व्हिसिंग झालं' म्हणून खूश असतो.

आता गॅस का बदलतात त्याकडे वळू. त्यासाठी गॅसच्या नंबरातली एक खुबी सांगतो. ती कळली की निम्मा इतिहास आपोआप उलगडतो. हे नंबर कुणी मनाला येईल तसे दिलेले नाहीत. साध्या गॅसच्या नंबरात ९० मिळवा. येणाऱ्या तीन आकड्यांपैकी पहिला म्हणजे रेणूत कार्बन किती, दुसरा हायड्रोजन किती, तिसरा फ्लोरिन किती. एका कार्बनला एकूण चार हात असतात, दोन कार्बन जोडलेले असतील तर मोकळे हात सहा. हायड्रोजन आणि फ्लोरिन बसवून जे हात उरतात त्यावर क्लोरीन.

आर-१२ घ्या. १२ अधिक ९० म्हणजे १०२. कार्बन एक, हायड्रोजन शून्य, फ्लोरिन दोन, उरले दोन हात, म्हणजे क्लोरीन दोन. आर-२२ चे होतात ११२: कार्बन एक, हायड्रोजन एक, फ्लोरिन दोन, क्लोरीन एक. आर-१३४ए चे २२४: कार्बन दोन, हायड्रोजन दोन, फ्लोरिन चार, सहाही हात भरले, क्लोरीन नाही. आर-३२ चे १२२: कार्बन एक, हायड्रोजन दोन, फ्लोरिन दोन, इथेही क्लोरीन नाही. आणि आर-२९० चे ३८०, म्हणजे तीन कार्बन, आठ हायड्रोजन, फ्लोरिन शून्य. हा तर सरळ प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या दोन मुख्य वायूंपैकी एक. (चारशेच्या घरातले नंबर, जसे ४०४ए, ४०७सी, ४१०ए, ही मिश्रणं आहेत, त्यांना हे गणित लागत नाही. सहाशे-सातशेचे नियमही वेगळे.)

या तीन अणूंची एक वाटणी लक्षात ठेवा. हायड्रोजन वाढवला की गॅस पेटायला लागतो, पण हवेत लवकर विरतोही. क्लोरीन असला आणि गॅस वरपर्यंत पोचला की ओझोनला खातो. फ्लोरिन भरपूर भरला की गॅस पेटत नाही, विषारी नसतो, पण हवेत दशकानुदशकं टिकून उष्णता धरून ठेवतो. गेल्या शंभर वर्षांत जे जे बदल झाले ते या तिघांपैकी कुणाला जागा द्यायची एवढ्यावरच झाले आहेत. तिन्ही दोष नसलेला, शिवाय स्वस्त आणि थंड करण्यात तरबेज असा गॅस अजून कुणाला सापडलेला नाही.

१९२० च्या दशकातल्या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड, अमोनिया असले गॅस असायचे. लीक झाले की माणसं मरायची. म्हणून जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर विभागासाठी थॉमस मिजली आणि सहकाऱ्यांनी आर-१२ शोधला, आणि १९३० मध्ये अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने तो स्वतः हुंगून त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेटतही नाही. ड्यूपाँटने तो फ्रिऑन नावाने जगभर विकला. हायड्रोजन शून्य असल्याने तो खालच्या हवेत तुटतच नाही, सुमारे शंभर वर्षं टिकतो, आणि नेमकं तेच नडलं. हळूहळू वर स्थितांबरात पोचतो, तिथल्या अतिनील किरणांनी त्याचा क्लोरीन सुटतो आणि तो एकटा अणू हजारो ओझोन रेणू मोडतो. हे १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी कागदावर मांडलं. १९८५ मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी हॅली तळावरच्या मोजणीतून अंटार्क्टिकावरचं छिद्र दाखवून दिलं. १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये आला. औषधी इन्हेलरचा अपवाद सोडला तर आपण सीएफसी, म्हणजे आर-१२ च्या जातीचे गॅस, बनवणं १ ऑगस्ट २००८ ला बंद केलं, मुदतीच्या आधी.

आर-२२ या गोष्टीतला मधला गडी. त्यात एक हायड्रोजन आहे, त्यामुळे तो खालच्याच हवेत बराचसा तुटतो, बारा वर्षांच्या आसपास टिकतो. ओझोनला त्याचा त्रास आर-११ च्या (आर-१२ चाच भाऊबंद, या मोजणीत तोच माप धरतात) तुलनेत साधारण विसावा हिस्सा. म्हणून 'तात्पुरता चालेल' म्हणून त्याला सूट मिळाली. ही सूट आपल्याकडे चांगली तीन दशकं चालली.

क्लोरीन पूर्ण काढल्यावर जे आले ते एचएफसी. फ्रिज आणि गाड्यांसाठी आर-१३४ए, कोल्डरूम आणि आइस्क्रीमच्या डीप फ्रीजरसाठी आर-४०४ए, एसीसाठी आर-४०७सी आणि मग आर-४१०ए. ओझोनच्या बाजूने हे सगळे निर्दोष. पण कार्बन डायऑक्साइडच्या किती पट उष्णता धरतात हे बघितलं की पोटात गोळा येतो: १३४ए १,४३० पट, ४१०ए २,०८८ पट, ४०४ए तर ३,९२२ पट. ही तुलना वजनाला वजन लावून, शंभर वर्षांच्या हिशेबाने. एखाद्या कोल्डरूममधून दहा किलो ४०४ए उडाला तर तो ३९ टन कार्बन डायऑक्साइडएवढा पडतो, आणि दहा किलो उडणं ही कोल्डरूमच्या धंद्यात काही बातमी नव्हे.

इथे एक गैरसमज दूर करतो. अनेकजण म्हणतात की ओझोनसाठी गॅस बदलले आणि हवामान बिघडवलं. तसं नाही. आर-१२ स्वतःच १०,९०० पट होता. तो गेला हा हवामानाच्या दृष्टीनेही मोठाच फायदा झाला. अडचण वेगळी होती: एसी आणि फ्रिजची संख्याच इतकी वाढत चालली की दोन हजार पटवाले गॅसही परवडेनासे झाले. म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडाच्या किगाली शहरात माँट्रियल करारालाच दुरुस्ती जोडली गेली आणि एचएफसी कमी करायचं ठरलं. ओझोनच्या करारात ओझोनला न दुखावणारे गॅस आले, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण ते ओझोनच्या करारामुळेच बाजारात आले होते. तेव्हा घाण ज्याची त्याने काढावी, असा साधा न्याय. भारताने ही दुरुस्ती २०२१ मध्ये मान्य केली. आपल्यासाठी २०२८ मध्ये वापर गोठवायचा, २०३२ पासून उतरंड सुरू, आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात.

मग धंद्याचं गणित आहे की नाही? आहे, थोडं आहे. ड्यूपाँटने सुरुवातीला ओझोनच्या विज्ञानावर शंका घेतल्या आणि १९८८ मध्ये सीएफसी बंद करायचं जाहीर केलं. तेव्हा पर्यायी गॅस विकायला आपणच पुढे असू हे त्यांना दिसत होतंच. गाड्यांमध्ये आता युरोप-अमेरिकेत आर-१२३४वायएफ वापरतात. तो हवेत काही दिवसांत तुटतो, पण त्याच्या पेटंटवर हनीवेल आणि ड्यूपाँटच्या घराण्याचा हात आहे, आणि तुटल्यावर त्यातून ट्रायफ्लुरोअॅसेटिक आम्ल पाण्यात उतरतं, त्यावर युरोपात वाद चालू आहे. पण हे सगळं षड्‌यंत्र म्हणायचं तर प्रोपेनचं काय करायचं? प्रोपेनवर कुणाचं पेटंट नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, पूर्वी पूर्व जर्मनीत असलेल्या भागातल्या एका बुडत्या फ्रिज कारखान्याने ग्रीनपीससोबत प्रोपेन-आयसोब्युटेनवर चालणारा फ्रिज काढला, तेव्हा बड्या कंपन्यांनी आधी त्याची भीती घातली. आज तुम्ही दुकानात जाऊन नवीन फ्रिजमागची पाटी बघा, बहुतेक ठिकाणी आर-६००ए लिहिलेलं असेल. तोच आयसोब्युटेन. तुमच्या स्वयंपाकघरात पेटता गॅस कित्येक वर्षं शांतपणे फिरतो आहे आणि तुम्हाला पत्ताही नाही, कारण तो असतो जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम. एसीतल्या गॅसची भीती वाटते त्यांना मी हे आवर्जून सांगतो.

जाता जाता या फ्रिजबद्दल एक गोष्ट, कारण घरोघरी आहेत. आर-६००ए उणे बारा अंशाच्या आसपास उकळतो. फ्रीजरची कॉइल त्याहून बरीच थंड असते, त्यामुळे चालू फ्रिजच्या आतल्या बाजूच्या नळीत हवेपेक्षा कमी दाब असतो. तिथे लीक झालं तर गॅस बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आणि दमटपणा आत ओढला जातो. फ्रिज थंड करायचं सोडतो, कॉम्प्रेसर तापतो, आणि मेकॅनिक गेज लावून 'दाब जास्त आहे' म्हणतो. अशा फ्रिजला नुसता गॅस मारून चालत नाही. आतलं सगळं काढून, ओलावा शोषणारा ड्रायर बदलून, व्हॅक्यूम करून मगच भरायचा, तोही ग्रॅमच्या काट्यावर तोलून. नळी जोडताना ज्योत लावायची नाही, लॉकरिंग नावाच्या कड्याने दाबून जोडायची.

आता तुमच्या एसीत बत्तीस नंबर का नको ते सांगतो. दाबाचा फरक बघा. आतली कॉइल ५ अंशांवर असताना आर-२२ चा दाब गेजवर सत्तर पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास दिसतो, आर-३२ चा सव्वाशेच्या जवळ. बाहेरची कॉइल ४५ अंशांवर असताना आर-२२ सुमारे २३५, तर आर-३२ चारशेच्या उंबरठ्यावर. मे महिन्यात गच्चीवरच्या आउटडोअरला नागपुरात काय सोसावं लागत असेल ते वेगळंच. २०१२ च्या मशीनच्या नळ्या, कॉइल आणि कॉम्प्रेसर या दाबासाठी बनवलेले नाहीत. दुसरं, त्यात खनिज तेल आहे. आर-२२ त्यात नीट विरघळतो आणि फिरून आलेलं तेल कॉम्प्रेसरला परत देतो. आर-३२ ला त्या तेलाचं वावडं आहे, त्याला वेगळं कृत्रिम तेल लागतं. तेल कॉइलमध्येच अडकून पडतं, कॉम्प्रेसर कोरडा चालतो आणि जाम होतो. तिसरं, बत्तीस नंबर दाबल्यावर जास्त तापतो, जुन्या मोटरच्या वायंडिंगचं वेष्टन त्याला टिकत नाही. चौथं म्हणजे तो हलका का होईना पेटणारा गॅस आहे आणि जुन्या मशीनमधले रिले, कॅपेसिटर, जोडण्या ठिणगी उडू नये अशा बेताने बांधलेल्याच नाहीत.

आणखी वाईट प्रकार म्हणजे आर-२२ च्या मशीनमध्ये 'हायड्रोकार्बन' या नावाने स्वयंपाकाचा गॅस भरणं. थंडावा मिळतो, हे मान्य. प्रोपेनचा दाब आर-२२ च्या जवळच आहे, तेलाशीही त्याचं जमतं. म्हणूनच काही मेकॅनिकना मोह होतो. पण सिलिंडरमधल्या गॅसमध्ये प्रोपेन-ब्युटेनचं प्रमाण ठरलेलं नसतं, वासासाठी घातलेलं गंधकयुक्त रसायन असतं, ओलावा असतो, आणि आर-२२ च्या मशीनमध्ये जाईल एवढा, म्हणजे अर्धा किलोच्या घरात, तो पेटता गॅस बेडरूममध्ये आणून ठेवला जातो. कुठलीही कंपनी तिच्या आर-२२ मशीनवर हे करायला परवानगी देत नाही. असं कुणी केलं असेल तर पुढच्या मेकॅनिकला सांगा, नाहीतर तो निवांतपणे टॉर्च पेटवून ब्रेझिंग करायला, म्हणजे ज्योतीने नळ्या जोडायला बसेल.

आर-२२ च्या जागी भरता येतील अशी काही मिश्रणं बाजारात आहेत, आर-४२२डी किंवा आर-४३८ए सारखी. ती खनिज तेलासोबत बऱ्यापैकी चालतात आणि पेटत नाहीत. पण थंडावा थोडा कमी मिळतो आणि त्यांचा हवामानावरचा भार आर-२२ पेक्षाही जास्त आहे. पन्नास टनांचा डक्टेबल प्लांट असेल, बदलायला लाखो रुपये लागणार असतील, तर विचार करावा. दीड टनाच्या स्प्लिटवर हा उपद्व्याप नको. लीक शोधा, बुजवा, आर-२२ च भरा आणि कॉम्प्रेसर जाईपर्यंत वापरा. लीक इनडोअर कॉइलमध्ये असेल आणि कॉइलचा खर्च नव्या एसीच्या तिसऱ्या हिश्शावर जात असेल, तर मात्र माझ्या मते पैसे घालू नका.

नवा एसी घ्यायचा तर? भारतात २०१३ पासून डायकिनने आर-३२ चे एसी विकायला सुरुवात केली, आणि त्या गॅसवरच्या मशीनची बरीच पेटंट इतरांना मोफत वापरायला दिली. आज दुकानातल्या बहुतेक ब्रँडमध्ये तोच गॅस आहे. ६७५ पट, म्हणजे ४१०ए चा तिसरा हिस्सा, शिवाय त्याच टनेजला गॅस कमी लागतो. दुसरा रस्ता गोदरेजने धरला. २०१२ मध्ये त्यांनी प्रोपेनवर, म्हणजे आर-२९० वर चालणारा स्प्लिट एसी बाजारात आणला, तोही आपल्या सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यातून, जर्मनीच्या जीआयझेड संस्थेची मदत घेऊन. त्याचा हवामानावरचा भार तीन पट, म्हणजे न धरण्यासारखाच. तांत्रिकदृष्ट्या मला हा गॅस सर्वांत आवडतो, उष्ण हवेत तो आर-४१०ए पेक्षा कमी दमतो. ४१०ए ७१ अंशांच्या वर दाबाने द्रवच होऊ शकत नाही, आर-३२ साठी ती मर्यादा ७८, प्रोपेनसाठी ९६ च्या पुढे. भर उन्हात आउटडोअर त्या मर्यादेच्या जितका जवळ जातो तितकी वीज जास्त जळते.

पेटण्याचं भय मोजून बघू. दहा बाय बाराची खोली, नऊ फूट उंची, म्हणजे साधारण ३०.६ घनमीटर हवा. एक टनाच्या प्रोपेन एसीत समजा ३०० ग्रॅम गॅस आहे आणि तो सगळाच्या सगळा खोलीत सुटून सारखा पसरला, तर घनमीटरला दहा ग्रॅमही होत नाही. प्रोपेन पेटायला घनमीटरला सुमारे ३८ ग्रॅम लागतो. म्हणजे पाव हिस्सा. आर-३२ ला तर ३०० ग्रॅमच्या वर लागतो, आणि एक टनाच्या मशीनमधला सहाशे ग्रॅम याच खोलीत पसरला तर वीस ग्रॅम होईल. शिवाय आर-३२ ची ज्योत पसरते ती सेकंदाला सात सेंटिमीटरपेक्षा कमी वेगाने, म्हणून त्याला 'सौम्य ज्वलनशील' वर्गात, ए२एल मध्ये ठेवलंय. प्रोपेन ए३ मध्ये, पूर्ण ज्वलनशील. पण हिशेबात 'सारखा पसरला' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दोन्ही गॅस हवेपेक्षा जड. बंद खोलीत, पंखा बंद असताना लीक झाला तर तो जमिनीलगत साठतो आणि तिथे प्रमाण बरंच वर जाऊ शकतं. म्हणून कंपनीने मशीनवर लिहिलेल्या किमान क्षेत्रफळापेक्षा लहान खोलीत तो बसवायचा नाही. देवघर म्हणून काढलेल्या कोनाड्यात, जमिनीलगत दिवा तेवतो अशा चिमुकल्या खोलीत तर मी प्रोपेनचा एसी बसवणार नाही. बाकी घरात जरूर बसवा.

वर्तमानपत्रात 'एसीचा स्फोट' म्हणून येतं त्यातल्या बऱ्याच घटनांची सुरुवात वायरिंगमधल्या आगीपासून होते. पण एक खरा धोका आहे, त्याची ग्राहकाला कल्पना नसते. घर बदलताना एसी काढतात तेव्हा मेकॅनिक 'पंप डाउन' करतो. एक व्हॉल्व्ह बंद करून मशीन चालवतो, म्हणजे सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा होतो. या वेळी नळी कुठे सैल असेल, किंवा गॅस आधीच गेलेला असेल, तर कॉम्प्रेसर हवा ओढायला लागतो. हवा आणि तेलाचं मिश्रण प्रचंड दाबाखाली तापतं आणि डिझेल इंजिनात होतं तसं आपोआप पेटतं. कॉम्प्रेसर फुटतो. हे आर-२२ मध्येही होतं, गॅस पेटणारा असायला लागत नाही. जपानी कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये यावर ठळक इशारा असतो. लीक झालेल्या एसीवर पंप डाउन करू देऊ नका, आणि लीक शोधायला नळीत कुणी ऑक्सिजन भरत असेल तर त्याला तिथेच थांबवा. लीक तपासायला नायट्रोजनच लागतो.

खोट्या गॅसचं प्रकरण याहून गंभीर आहे. १३४ए महाग झाला तेव्हा भेसळवाल्यांनी त्यात आर-४० मिसळायला सुरुवात केली, कारण ते स्वस्त आहे आणि मिश्रणाचा दाब १३४ए च्या जवळ जमवता येतो, म्हणून गेजवर पटकन कळत नाही. वरचं गणित लावून बघा: ४० अधिक ९० म्हणजे १३०, कार्बन एक, हायड्रोजन तीन, फ्लोरिन शून्य, उरला एक क्लोरीन. म्हणजे तोच जुना, शंभर वर्षांपूर्वी ज्याला घराबाहेर काढला तो मिथाइल क्लोराइड. विषारी, पेटणारा, ओझोनला बाधणारा. आणि अॅल्युमिनियमशी त्याची प्रक्रिया होऊन हवा लागताच पेट घेणारं एक संयुग तयार होतं. २०११ मध्ये व्हिएतनाममध्ये दुरुस्त झालेल्या थंड मालवाहू कंटेनरांचे कॉम्प्रेसर यामुळे फुटले आणि तीन कामगार मेले. आपल्या गाड्यांचे आणि हल्लीच्या बऱ्याच एसींचे कॉइल अॅल्युमिनियमचे आहेत. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये कुठल्या तरी नाव नसलेल्या कॅनमधून गाडीत गॅस भरून घेताना निम्म्या दराचा आनंद मानू नका. सिलिंडरवर उत्पादकाचं नाव, बॅच नंबर आणि सील बघायला मागा, कोणी नाही म्हणत नाही.

मेकॅनिक चांगला आहे हे ओळखायला ग्राहकाने चार वस्तू बघाव्यात: नायट्रोजनचा सिलिंडर, व्हॅक्यूम पंप, व्हॅक्यूम किती झाला ते मोजणारा मायक्रॉन गेज आणि वजनकाटा. काम असं व्हायला हवं. आधी नायट्रोजन कंपनीने सांगितलेल्या दाबापर्यंत भरून सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावायचा आणि काटा हलतो का ते वाट बघून पाहायचं. मग पंप लावून ५०० मायक्रॉनच्या खाली व्हॅक्यूम, पंप बंद केल्यावरही तो टिकला पाहिजे. आत ओलावा राहिला तर आर-३२ आणि ४१०ए च्या कृत्रिम तेलाचं आम्ल होतं आणि दोन-तीन वर्षांत कॉम्प्रेसरची वाट लागते. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात तर उघडी नळी अर्धा तास ठेवायची नाही. शेवटी गॅस, पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमनुसार काट्यावर तोलून. हात लावून, 'पाइपला घाम आला, झालं' म्हणून भरणाऱ्याला प्रोपेनच्या मशीनजवळ फिरकू देऊ नये. तिथे पन्नास ग्रॅमचा फरकही खूप असतो. आर-३२ चा एक फायदा इथे सांगायला हवा: तो एकच गॅस आहे, मिश्रण नाही. थोडा गळला तर वरून पुरा करता येतो. ४०७सी सारख्या मिश्रणातून मात्र घटक सारख्या प्रमाणात गळत नाहीत, त्यामुळे उरलेला काढून नव्यानेच भरावा लागतो, आणि भरताना सिलिंडरमधून द्रवच घ्यावा लागतो.

कोल्ड स्टोरेजवाले हल्ली विचारतात त्यांच्यासाठी दोनच ओळी. ४०४ए मध्ये नवी गुंतवणूक करू नका. नाशिकची द्राक्षं असोत की कोकणातले बर्फाचे कारखाने, अमोनिया तिथे कधी गेलाच नव्हता. ओझोन आणि तापमान दोन्हीच्या बाबतीत शून्य, वीज कमी खातो, फक्त नाकाला आणि जिवाला सांभाळून हाताळावा लागतो.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण तुमचा जुना एसी निघेल तेव्हा उपयोगी पडेल. भंगारवाला आउटडोअर उचलतो, गल्लीच्या कोपऱ्यावर तांब्याच्या लोभाने नळी कापतो आणि फुस्सकन सगळा आर-२२ हवेत. तुमच्या मशीनमध्ये किलोभर गॅस असेल तर ते १.८ टन कार्बन डायऑक्साइडएवढं झालं, शिवाय क्लोरीन वेगळा. रिकव्हरी मशीन आणि परत भरता येणारा सिलिंडर असलेल्या माणसाकडून तो काढून घेता येतो. हा आर-२२ स्वच्छ करून दुसऱ्याच्या दुरुस्तीत वापरता येतो, आणि नवीन कमी बनत चालल्याने त्याला आता किंमतही येते. ई-कचऱ्याच्या नियमांखाली एसी आणि फ्रिज दोन्ही येतात, तेव्हा नवा घेताना दुकानदाराला विचारा की जुना नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाणार आहे का, आणि त्याची पावती मागा. एक्सचेंजमध्ये हजार-दीड हजार कमी मिळाले तरी चालेल.